पावणं आल्यात

गळका नळ दुरुस्त केला म्हणून प्लंबरने शिव्या खाल्ल्याचं उदाहरण अख्ख्या कोल्हापुरात एकच असावं, आणि ते आमच्या शेजारच्या अंगणात घडलं. मी साक्षीला होतो. प्लंबर बिचारा कामाचा माणूस. मगदूमकाकूंनी बोलावलं म्हणून आला, अंगणातल्या नळाचा वायसर बदलला, नळाची तोटी तीनदा फिरवून दाखवली आणि हात पुसत उभा राहिला. तेवढ्यात काकूंचे यजमान, अण्णा, बाहेरून आले. त्यांनी नळाकडे बघितलं, खालच्या वाळत चाललेल्या चिखलाकडे बघितलं आणि असे ओरडले की मी हातातला लग्नपत्रिकेचा कंपोझ केलेला मजकूर तसाच टाकून कंपाउंडपाशी धावलो.

"कुणी सांगितला तुला ह्यो उद्योग? आता पावण्यांनी पाय कुठं धुवायचं?"

प्लंबरने दारातून आत डोकावून बघितलं. आत पाहुणे कुणी दिसेनात.

"कुठलं पावणं, काका?"

"येत्यात की आता. दसऱ्याच्या आतबाहेर."

"मग दसऱ्याला नळ सोडा की जरा."

"त्यास्नी नळ सोडाय येतोय व्हय रं?"

शेवटी प्लंबरने पिशवीतून जुना, झिजलेला वायसर शोधून काढून परत बसवला. थेंब पडायला लागला, तेव्हा कुठे अण्णांचा आवाज खाली आला. त्यांनी प्लंबरला चहा पाजला. दसऱ्यानंतर चार दिवसांनी पाहुणा आलाही. वीतभर लांबीचा, करड्या पाठीचा, पांढऱ्या तोंडाचा धोबी पक्षी. त्यालाच परीट म्हणतात. नळाखालच्या चिखलात शेपूट वरखाली आपटत तो इकडून तिकडे पळत होता आणि अण्णा दाराआड उभे राहून कुजबुजत होते, "या पावणं, या. दमलासा न्हवं?"

आमच्याकडे पावणं हा शब्द सढळ हाताने वापरतात. रिक्षावाला गिऱ्हाइकाला पावणं म्हणतो, एस.टी.त पायावर पाय देणारा ज्याच्या पायावर पाय दिला त्याला पावणं म्हणतो, आणि भांडण हातघाईवर आलं तरी 'ओ पावणं, जरा सबुरीनं' असंच सुरू होतं. पण हा शब्द पाखरांपर्यंत नेला तो जिनाप्पा मगदूम यांनी. अख्खी कॉलनी त्यांना अण्णा म्हणते. मला ते 'प्रेसवाले' म्हणतात, कारण माझा लग्नपत्रिका छापायचा धंदा आहे. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही याची मला वीस वर्षांत खात्री झालेली नाही.

अण्णा एका सूतगिरणीत टाइमकीपर होते. तीस वर्षं गेटवर उभं राहून त्यांनी माणसं आत घेतली आणि बाहेर सोडली. निवृत्त झाल्यावर इतरांचा हात रिकामा होतो, यांची नजर रिकामी झाली. मग त्यांनी ती आभाळाकडे लावली. नाद तसा जुना होताच, पण आता त्याला मस्टर आलं. लांबलचक पुठ्ठ्याची वही, तांबड्या-निळ्या पेन्सिलने आखलेले रकाने. पाखराचं नाव, आल्याची तारीख, जागा आणि हजेरी. 'ह' म्हणजे हजर, 'गै' म्हणजे गैरहजर. उशिरा आलेल्याला लेट मार्क.

"थरथऱ्या नऊ दिस लेट," एकदा सकाळी दात घासत असताना त्यांनी मला कंपाउंडवरून सांगितलं. थरथऱ्या म्हणजे तो काळा, तांबूस पोटाचा, सारखी शेपूट थरथरवणारा पक्षी. दर हिवाळ्यात तो आमच्या डिशच्या तबकडीवर बसतो.

"मग कारण विचारलंत का?" मी फेसाळलेल्या तोंडाने विचारलं.

"गेटवर असतो तर इचारलं असतं. पण पावण्याला कारण इचारायचं नसतंय. गावाकडं काय अडचण असंल."

हिमालय, तिबेट, रशिया हे सगळं अण्णांच्या लेखी 'गावाकडं' होतं. पाखरं गावाकडून यायची, चार महिने राहायची आणि शिमग्याच्या सुमाराला गावाकडे जायची. मी एकदा सहज म्हणालो, "अण्णा, हे आता जाणार कधी?" तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मी त्यांच्या घरच्या पंगतीत उठून तोच प्रश्न विचारला असावा.

"पावण्याला कधी जानार इचारतासा? काय पद्धत हाय का न्हाय?"

जैन असल्यामुळे अण्णा सूर्य मावळायच्या आत जेवतात. त्यामुळे संध्याकाळी तेही आणि त्यांचे पाहुणेही एकाच वेळी जेवण उरकून गप्प होतात. काकू म्हणायच्या, "एक पंख फुटायचं तेवढं ऱ्हायलंय ह्यास्नी." काकूंचं बोलणं असंच. आवाज न चढवता नेम धरून मारतात.

काकूंनी या पावण्यांपायी काय सोसलं ते सांगायचं तर अकरा चक्रवाकांची गोष्ट सांगावी लागेल. तेव्हा मोबाइल हातोहाती आले नव्हते. अण्णांची एकुलती मुलगी पद्मजा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. डिसेंबरच्या एका सकाळी अण्णांनी कळंबा तलावाजवळच्या टपरीतून, नाणं टाकायच्या फोनवरून घरी फोन लावला. आनंदाने त्यांचा श्वास वर गेला होता.

"पावणं आल्यात! अकरा हायत! मी हितंच थांबलोय त्यांच्याबर!"

आणि नाणं संपलं.

आता घरात लग्नाच्या वयाला येत असलेली पोरगी आणि बाप फोनवर सांगतो की अकरा पाहुणे आल्यात, याचा अर्थ कोल्हापुरात एकच होतो. काकू पहिल्यांदा खाली बसल्या. मग उठल्या. आमच्या घरून सहा खुर्च्या, एक सतरंजी आणि कपांचा सेट गेला. बिनकांद्याचे पोहे परातीत भिजले, शिरा झाला. "पोरगीला इचारलं न्हाय, मला इचारलं न्हाय, आन अकरा मानसं घिऊन यायलंय ह्यो बाबा," असं म्हणत काकूंनी पद्मजाला स्वतःची जांभळी साडी नेसवली. पद्मजा आरशासमोर रडत होती आणि माझी बायको तिच्या निऱ्या धरत होती.

साडेदहाला अण्णा आले. सायकलवर, एकटे, गुडघ्यापर्यंत चिखल.

"पावणं कुठं हायत?" काकूंनी त्यांच्या मागे रस्त्यावर बघत विचारलं.

"तळ्यात."

"तळ्यात काय करायल्यात?"

"पवायल्यात की! काय रंग हाय म्हणून सांगू, ह्या केशरी भातावानी. अकराच्या अकरा!"

मग पद्मजा हसायला लागली. डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं, पदर घसरलेला, आणि ती भिंतीला टेकून हसत होती. हसता हसता म्हणाली, "अण्णा, मला पसंत हायत. अकराच्या अकरा."

त्या दिवशी सगळ्या कॉलनीने शिरा खाल्ला. साडी बदलून पद्मजा लगेच बापाच्या सायकलवर डबलसीट बसून चक्रवाक बघायला गेली.

ती बाप-लेकीची जोडी मला अजून दिसते. थंडीच्या सकाळी रंकाळ्यावर धुकं असायचं, पलीकडचा काठ दिसायचा नाही. अण्णांच्या खांद्यावर दुर्बीण, पद्मजाच्या खांद्यावर तिपाई आणि मी मागून कुरकुरत. मला पाखरांचं फारसं कळत नाही. माझा मुख्य रस परतताना दूधकट्ट्यावर थांबून समोर काढलेलं म्हशीचं फेसाळ दूध पिण्यात होता. अण्णा बोट दाखवायचे, पद्मजा नाव सांगायची आणि मी 'वा वा' म्हणायचो. तिने नाव बरोबर सांगितलं की अण्णा तिच्या पाठीवर दोन बोटं आपटायचे. शाबासकीची त्यांची तेवढीच पद्धत. चुकलं तर म्हणायचे, "पावण्याला भलत्याच नावानं हाक मारलीस तर त्यो रुसंल की." त्या सकाळी पुन्हा मिळाल्या तर मी कुरकुर न करता जाईन.

पुढे पद्मजाने लग्न केलं. मुलगा तिच्याच कॉलेजातला, रणजित. हातकणंगल्याच्या पलीकडच्या एका गावातलं मराठा शेतकऱ्याचं घर. घरी म्हशी, दुधाचा धंदा, आणि तो स्वतः कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला. मुलात नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्या घरात रविवारी कोंबडी शिजत होती, आणि अण्णांचं घर कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवणारं. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. मी आयुष्यात शेकड्याने लग्नपत्रिका छापल्या, पण शेजारच्या पोरीची छापायची राहून गेली, ही गोष्ट मला अजून लागते.

"ती मानसं माझं पावणं न्हवंत," अण्णा त्या दिवशी म्हणाले. ज्या माणसाने रिक्षावाल्याला, पोस्टमनला आणि वीतभर पाखराला पावणं म्हटलं, त्याने सख्ख्या जावयाला तो शब्द दिला नाही. पद्मजाचं माहेर बंद झालं.

मी एकदा वाद घालून बघितला. हिवाळ्यात तलावावर एक मासेखाऊ घार येते. विजेच्या खांबावर बसून ती जिवंत मासा पायाखाली धरून सोलून खाते. ती दिसली तेव्हा अण्णा 'पावणं जेवाय बसल्यात' म्हणाले. मी संधी साधली.

"अण्णा, ही तुमच्यादेखत मासा खाते तरी ती पावणं. आणि जावयाने कधी कोंबडी खाल्ली तर त्याला दार बंद?"

अण्णांनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. तसेच म्हणाले, "घारीनं माझी पोरगी न्हेली न्हाय."

काकू तर हा विषय काढायच्याच नाहीत. रोज सकाळी अण्णा तलावावर गेले की त्या फोन घेऊन मागच्या पायरीवर बसायच्या आणि पद्मजाशी बोलायच्या. नात झाली, बारसं झालं, नात बालवाडीत जायला लागली, हे सगळं काकूंना त्या पायरीवर बसून कळलं. एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी जित्ती हाय तवर पोरगीनं ह्या घरात एकदा पोटभर जेवावं. दुसरं काय मागनं न्हाय माझं." या हिवाळ्यापर्यंत अशी आठ वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत अण्णांची स्कूटर बिघडली. गुरुवार होता. दर गुरुवारी ते सकाळी दूर कुठेतरी जातात, एवढं मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी मला गाडी काढायला लावली. हातकणंगल्याच्या पुढे गेल्यावर एका बारक्या तळ्याच्या बांधावर आम्ही थांबलो. चार बगळे आणि एक म्हैस, एवढ्या ऐवजावर कुणी चाळीस मिनिटं गाडी चालवत येईल असं ते तळं नव्हतं. अण्णांनी मात्र तिपाई उघडली, दुर्बीण बसवली आणि घड्याळ बघितलं. दहा वाजत आले होते.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"परीट."

मी म्हटलं बघू तरी. त्यांना जरा बाजूला सारून डोळा लावला. दुर्बीण पाण्यावर नव्हतीच. पलीकडच्या काठावरच्या एका घराची गच्ची दिसत होती. दोरीवर ओळीने कपडे, आणि एक बाई बादलीतून एकेक कपडा काढून, झटकून वाळत घालत होती. पोरीचा फ्रॉक, पुरुषाचा शर्ट, चादर. तिने तोंड वळवलं, तेव्हा मी पद्मजाला ओळखलं.

मी मुकाट्याने बाजूला झालो. अण्णांनी परत डोळा लावला. शेवटचा कपडा वाळत घालून ती खाली जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी पिशवीतून मस्टर काढलं आणि लिहिलं, 'परीट. एक. हजर.'

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून आवाज आला, "ह्या साली वाळलीय जरा."

"कोण?"

"परीट."

मला रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं. घरी आल्यावर मी हे कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. सांगितलं असतं तर काकूंपर्यंत गेलं असतं, आणि अण्णांचा तो गुरुवार बंद पडला असता, अशी मला भीती वाटली.

आता या हिवाळ्याकडे येतो. अण्णांच्या घरी मोबाइल एकच. तो सकाळी काकूंचा आणि दुपारनंतर अण्णांचा. पाखरांच्या नादाची चार-सहा मंडळी आसपासच्या गावांत आहेत. मुरगूडचे एक मास्तर, कागलचा एक औषधवाला, अशी. अण्णांना त्यांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळ्यांचे नंबर 'पावणं मुरगूड', 'पावणं कागल' असेच जतन केलेले. प्रत्येकाला वेगळा फोन करून अण्णांचा घसा बसायचा. तेव्हा मी म्हटलं, अण्णा, एकदा बोला, सगळ्यांना जाईल अशी सोय करून देतो. फोन हातात घेतला, 'पावणं' असं शोधलं, तर सात नावं आली. काकू शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पावणं लिवलेली सगळी घ्या हं, प्रेसवाले. एक बी सोडू नगासा."

मी एकही सोडलं नाही. त्यात 'पावणं हातकणंगले' असं एक नाव होतं. मला वाटलं, असेल तिकडचा एखादा पाखरं बघणारा.

नोव्हेंबरात एका दुपारी अण्णा धापा टाकत आले. कळंब्यावर चक्रवाक उतरले होते. कैक वर्षांत ते आमच्याकडे फिरकले नव्हते. अण्णांनी फोन तोंडासमोर पापडासारखा आडवा धरला आणि बोलायला सुरुवात केली. सगळं बोलणं माझ्यासमोर झालं.

"पावणं, नमस्कार! लई वरसं वाट बघायला लावली, पर आता वाट बघनं संपलं. गेल्या साली लांबनं बघून तसंच माघारी गेलासा, तसलं आता चालायचं न्हाय. उद्या सकाळी सा वाजता आमच्या घरी या. पोरंबाळं असली तर त्यास्नी बी आना. च्या पिऊ आन मग म्होरचं बघू. आल्याबिगार ऱ्हाऊ नगासा!"

गेल्या वर्षी ही मंडळी परस्पर तलावावर जाऊन परस्पर परतली होती, त्याचा राग अण्णांनी त्यात काढला होता. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी गेलो. मुरगूडचे मास्तर आणि कागलचा औषधवाला येऊन चहा पीत होते. अण्णा दुर्बीण गळ्यात, तिपाई खांद्यावर, अशा तयारीत. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. आधी एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस उतरला. हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. मागून जरीकाठाची साडी नेसलेली बाई, तिच्या कडेवर पाच वर्षांची पेंगुळलेली पोरगी. बाई फाटकाबाहेरच थांबली.

पद्मजा होती.

अंगणात नळाच्या थेंबाखेरीज आवाज नव्हता. माझ्या डोक्यात 'पावणं हातकणंगले' लख्ख पेटलं. तो नंबर कुणाचा होता ते आता कळलं. मी काकूंकडे बघितलं. काकू दारात उभ्या होत्या, चेहऱ्यावर काही नाही. पण मागच्या स्वयंपाकघरातून वेलदोडा घातलेल्या पुरणाचा वास येत होता. सकाळी सहाला पुरण शिजून तयार असायला ते आदल्या संध्याकाळीच ठरलेलं असावं लागतं.

"नमस्कार, अण्णा," रणजित म्हणाला. "तुमचा निरोप आला काल."

"कसला निरोप?"

रणजितने खिशातून मोबाइल काढला आणि लावला. अण्णांचा आवाज अंगणभर घुमला. "पावणं, नमस्कार! लई वरसं वाट बघायला लावली..." मास्तर चहाचा कप तोंडाशी धरून थिजले. अण्णा मान खाली घालून स्वतःचं बोलणं ऐकत होते. 'लांबनं बघून तसंच माघारी गेलासा' इथं त्यांनी डोळे मिटले. 'पोरंबाळं असली तर त्यास्नी बी आना' झालं. निरोप संपला.

चूक झाली, एवढं म्हणायला अण्णांना एक श्वास पुरला असता. मास्तर साक्षीला होते, मी होतो. पद्मजाचा हात फाटकाच्या कडीवर होता. ती आत येण्यासाठी होती की परत फिरण्यासाठी, ते मला सांगता येणार नाही.

अण्णांनी खांद्यावरची तिपाई खाली ठेवली.

"मग भायेर का हुबं ऱ्हायलासा?" ते रणजितवर ओरडले. प्लंबरवर ओरडले होते तसेच. "पावण्यानं असं फाटकात हुबं ऱ्हायचं असतं व्हय? आत या की! अगं, पानी दे पावण्यांच्या पायावर!" आणि मग तिच्याकडे वळले. "पदमे, ये. ये आत."

काकू तांब्या घेऊन पुढे आल्या, पण त्यांच्या हातातून निम्मं पाणी पायरीवरच सांडलं. पद्मजा उंबऱ्यात वाकली ती काकूंना मिठी मारूनच वर आली. मास्तरांना आणि औषधवाल्याला अण्णांनी सांगितलं, "तुमी व्हा म्होरं." चक्रवाक ते दोघेच बघून आले. अण्णा गेले नाहीत. मी जायला निघालो तर काकूंनी मला दंडाला धरून बसवलं.

पंगत दहाच्या सुमाराला बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, भात. अण्णा स्वतः वाढत होते. बोलणं मात्र अडखळत होतं. म्हशी किती, पाऊस कसा, कारखान्याला सुट्टी कधी, असं तुटक चाललं होतं. आठ वर्षांचं एकदम कुठून काढणार? झोप उडालेली नात पाटावर बसून मघापासून अण्णांकडे टक लावून बघत होती. एकदम तिचा चेहरा उजळला.

"आई, हे तळ्यावरचं आजोबा की गं! दुर्बीणवालं!"

रणजितने मान ताटात घातली. अण्णांच्या हातात तुपाची वाटी होती, ती तशीच राहिली.

"कुठलं तळं? मी आपला पाखरं बघाय..."

"म्हाईत हाय, अण्णा," पद्मजा म्हणाली. "बाकीच्या दिवशी मी धुणं सातला वाळत घालते. गुरुवारचं तेवढं दहाला."

"म्हंजे तुला दिसत हुतो मी?"

"तिपाई लावून हुबा ऱ्हाणारा दुसरा कोण हाय सगळ्या तालुक्यात?"

"मग एकदा हात तरी करायचास की गं!" अण्णांचा आवाज चढला. त्यात राग होता, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. "आट वरसं! एकदा हात करायला काय झालं हुतं तुला?"

पद्मजाने पोळीचा घास मोडला, पण तोंडात घातला नाही.

"कशी करणार? तुम्हीच शिकवलंसा न्हवं? लांबचं पाखरू आलं की आपण हलायचं न्हाय. हात केला की ते उडून जातंय. आन एकदा भ्यालं की परत त्या जागंला येत न्हाय."

तिच्यासमोर वाकून अण्णांनी तिच्या पोळीवर तूप घालायला सुरुवात केली. पोळी भिजली, तूप आमटीत गेलं, ताटाच्या कडेपर्यंत आलं, तरी ते घालतच होते. पंगतीत कुणीही त्यांना बास म्हणालं नाही.